बदललेला मार्शल पुन्हा ‘मूळ’ करावा का?

(गिटारवाल्यांच्या ऑनलाइन मंचावरची चर्चा; मजकुरावरची नावं लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

खाडीकाठ

मामाचा गिटारचा अॅम्प (अॅम्प्लिफायर) महिनाभरापूर्वी माझ्याकडे आला. मार्शल, पन्नास वॅट, १९७२ च्या आसपासचा. पुढची पट्टी सोनेरी अॅल्युमिनियमची, तिच्यावर जेएमपी ही अक्षरं. मामा जहाजावर इंजिनरूममध्ये होता आणि सुट्टीवर आला की वास्कोत एका हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. १९८४ साली तो बँड मोडला, सामानाची वाटणी झाली आणि अॅम्प मामाच्या वाट्याला आला. तेव्हापासून तो वेंगुर्ल्याच्या घरात, पडवीलगतच्या खोलीत होता. दर पावसाळ्यात मामी त्याला गोधडीत गुंडाळून ठेवायची.

कारखान्यातून निघाला तसा हा अॅम्प राहिलेला नाही. पुढे चार इनपुट असायला हवेत, ते तीनच आहेत. चौथ्याच्या भोकात मास्टर व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायची खुंटी) बसवलाय. आत ईसीसी८३ या पहिल्या व्हॉल्व्हची जोडणी बदललीय. या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग, असतात. मूळ रचनेत ते दोन वेगवेगळ्या चॅनेलसाठी शेजारी-शेजारी काम करतात, इथे ते एकामागे एक लावलेत. गिटारचा सिग्नल एकदा वाढतो, मग पुन्हा वाढतो आणि इतका मोठा होतो की त्याची टोकं कापली जातात. आवाज फाटतो. आपण ज्याला रॉक गिटारचा आवाज म्हणतो तो इथे जन्माला येतो.

आता प्रश्न. पुण्याचे एक गृहस्थ अॅम्प घ्यायला तयार आहेत. आहे तसा दिला तर एक किंमत, कारखान्याच्या मूळ जोडणीवर आणून दिला तर जवळजवळ दुप्पट. मेकॅनिक मिळेल, सुटे भागही मिळतील. तरी माझं मत आहे की मूळ करू नये, आणि त्याची कारणं नीट मांडतो.

मार्शल हा मुळातच बदललेला अॅम्प आहे. १९६२ साली लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी पहिला अॅम्प जुळवला तो फेंडर या अमेरिकन कंपनीचा बेसमन अॅम्प समोर ठेवून. बेसमन बनलेला बेस गिटारसाठी. यांनी तिथल्या बाजारात मिळतील ते ब्रिटिश सुटे भाग घातले. पहिल्या जागी १२एवाय७ या व्हॉल्व्हऐवजी ईसीसी८३ लावला, त्याने सिग्नल जास्त वाढला. मागून उघड्या खोक्यातल्या दहा इंची चार स्पीकरऐवजी बंद खोक्यात बारा इंची चार आले. एवढ्याने आवाजाची जातच पालटली. पुढे ‘द हू’ या बँडच्या पीट टाऊनशेंडला स्टेजवर आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून शंभर वॅटचे आले. आणि मामाच्या अॅम्पमध्ये कुणा अनाम माणसाने जे केलंय, दोन ट्रायोड एकामागे एक आणि मास्टर व्हॉल्यूम, तेच मार्शल कंपनीने १९७५ पासून २२०३ या मॉडेलमध्ये स्वतः केलं. मग कुठल्या साली थांबून ‘हे मूळ’ म्हणायचं?

दुसरं कारण कानाचं. परवा रात्री लावला. मास्टर तीनवर, आतला गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आठवर. खालच्या दोन तारा दाबून एकच आघात केला आणि हात तसाच धरून ठेवला. सूर विझला नाही. आधी जाड, मग त्याच्यातून वरचा सप्तक हळूहळू वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. गिटारवरची व्हॉल्यूमची खुंटी पाचवर आणली तर तोच अॅम्प स्वच्छ, काचेसारखा. पाय न लावता, बटण न दाबता, नुसत्या करंगळीने. हे माझ्या बाकी कुठल्याच सामानात होत नाही.

जाणकारांनी विरुद्ध बाजू मांडावी. मला खरंच ठरवायचंय.

मूळ संच

मी विरुद्ध बाजूचा आहे.

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप लाकडी होता. खांबांवर कोरीव काम, वर कौलं. जीर्णोद्धार म्हणून तो उतरवला आणि सिमेंटचा स्लॅब टाकला, खाली गुळगुळीत फरशी. करणाऱ्यांची भक्ती खरी होती. पण आता त्या मंडपात टाळ वाजला की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि जुना कसा घुमायचा हे सांगायला चार म्हातारी माणसं उरलीत. उद्या तीही नसतील. जुनी वस्तू जपायची ती यासाठी. पुढच्याला ताडून बघायला काहीतरी राहिलं पाहिजे.

तुम्ही इतिहास सांगितलात तो बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. फेंडरवरून मार्शल बनला तेव्हा कुणी जुना बेसमन फोडून त्यातून मार्शल काढला नव्हता, नवा बनवला होता. जुन्यावर हत्यार चालवणं ही वेगळी गोष्ट. अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत किती प्लेक्सी असे कापले गेले असतील! (प्लेक्सी म्हणजे १९६९ च्या मध्यापर्यंतचे, पुढे प्लेक्सिग्लासची पट्टी असलेले.) त्या वेळी त्यांना कुणी जुनं म्हणत नव्हतं, वापरलेलं सामान म्हणायचे, म्हणून बिनधास्त कापले. जोसे अरेडोंडोसारखी कसबी माणसं होती हे मान्य. पण मग १९८७ मध्ये माइक सोल्डानोचा एसएलओ-१०० हा अॅम्प आला आणि तो सगळा गेन नव्या खोक्यात तयार मिळू लागला. त्यानंतर जुन्याला हात लावायचं कारणच उरलं नाही.

तुमच्या बाबतीत तर सोपं आहे. नवं भोक पाडलेलं नाही, जुन्याच भोकात पॉट आहे. मूळ जोडणी करा, काढलेले सुटे भाग पिशवीत घालून अॅम्पसोबत द्या. काहीच हरवत नाही. १९७२ चा म्हणजे हाताने जोडलेला टरेट बोर्ड (धातूच्या खुंट्या असलेली पट्टी). पुढच्या दोनेक वर्षांत त्यांनी छापील सर्किटबोर्ड आणले. तुमच्याकडे त्या कामाचा शेवटचा काळ आहे, तो जपा.

खाडीकाठ

पिशवीत सुटे भाग राहतील हो, पण आवाज पिशवीत राहत नाही. त्या जोडणीतून चाळीसेक वर्षं जो आवाज निघाला तोही इतिहासच आहे. कारखान्याच्या जोडणीचे पन्नास वॅटचे मार्शल जगात पुष्कळ आहेत. वास्कोच्या बँडचा हा एकच.

देवळाचं उदाहरण मनाला लागलं, खोटं नाही. पण तुमचा मंडप पाडून जे आलं त्याने आवाज गेला. इथे जे केलं त्याने आवाज आला.

रेवस बंदर

दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडताय असं मला मनापासून वाटतं.

ज्या आवाजाच्या प्रेमात आपण पडलो तो अॅम्पचा आवाज आपण कधी ऐकलेलाच नाही. आपण रेकॉर्ड ऐकल्या. म्हणजे अॅम्प, मग स्पीकर, स्पीकरसमोरचा माइक, ती खोली, मिक्सर, टेप, प्लेट रिव्हर्ब, आणि शेवटी आपल्या घरातला कॅसेट प्लेअर. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचा १९७८ चा पहिला अल्बम हॉलीवूडच्या सनसेट साउंडमध्ये झाला. त्या गिटारच्या भोवती जी हवा ऐकू येते ती स्टुडिओची. नुसता अॅम्प आणून घरी लावला तर ती येणार नाही.

आणि स्पीकर! गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. व्हॉल्व्हमधून निघालेला कर्कशपणा तोच गाळतो. मार्शलमधला ग्रीनबॅक स्पीकर काढून दुसरा लावलात तर आतल्या दहा रेझिस्टरांनी पडत नाही एवढा फरक पडेल. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण स्पीकर बदलणं फार सोपं आहे, त्यात काही गूढ नाही.

मी अलिबागकडे राहतो. २०१९ पर्यंत माझ्याकडेही व्हॉल्व्हचा अॅम्प होता, ब्रिटिशच. खाऱ्या हवेने सॉकेटच्या पिना हिरव्या पडायच्या, प्लायवूड फुगून कोपऱ्यावरचं रेक्झिन सुटलं होतं. पावसाळ्यात बाहेर काढायचा म्हणजे छातीत धडधड. तो विकला आणि मॉडेलर (अॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारं डिजिटल यंत्र) घेतला. दोन किलो. हेडफोन लावून रात्री दोन वाजता वाजवतो, शेजारची तान्ही पोर झोपलेली असते. मागच्या गणपतीत वाद्यवृंदात तोच थेट मिक्सरला जोडला. समोर बसलेल्या एका जुन्या गिटारवाल्याने नंतर येऊन विचारलं, ‘तुमचा मार्शल कुठे ठेवलाय?’ त्याला खोटं पाडायचं नव्हतं, पण सांगावं लागलं.

डोळे बांधून ऐका आणि मग बोला, एवढीच विनंती. विकून टाका. त्या पैशात उत्तम गिटार येईल, जी रोज हातात राहील.

मालवणी तार

माझो साधो अनुभव सांगतंय. आमच्याकडे मे महिन्यात पाव्हणे, पंप, फ्रीज, सगळा एकदम चालू. सांजच्याक विजेचो दाब १९० पर्यंत खाली येता. त्या टायमाक माझो व्हॉल्व्हचो अॅम्प जसो वाजता तसो दिवसभरात कधी वाजणा नाय. मऊ, दबलेलो, पण आतून धगधगणारो. एडी व्हॅन हेलनान पयल्या रेकॉर्डाच्या दिवसांत व्हेरिअॅक लावन अमेरिकेतलो दाब मुद्दाम नव्वद व्होल्टांच्या आसपास उतरवल्यान होतो. त्येका त्यासाठी मशीन लागला, आमका मे महिन्याची सांज पुरता.

ह्या मॉडेलरात खय येतला? बाहेरची वीज, हवा, उकाडो, सगळा ज्येच्यात उतरता ता वाद्य. विकू नको रे बाबा.

रेडिओवाले काका

रत्नागिरीत पस्तीस वर्षं रेडिओ आणि सभेचे अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. गिटार मला वाजवता येत नाही, पण व्हॉल्व्ह कळतो. म्हणून लिहितो.

आधी मालवणी तार यांना. बाबा रे, १९० व्होल्टवर आवाज मऊ होतो हे खरं. पण त्या वेळी व्हॉल्व्हच्या पोटात काय चाललंय ते बघ. ईएल३४ या पॉवरच्या व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. २३० चे १९० झाले की त्या ६.३ चे ५.२ होतात. कॅथोड नीट तापत नाही, त्यातून हवे तेवढे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. रोज तसाच वाजवलास तर व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होतो. आणि आपल्याकडे वीज गेली आणि परत आली की पहिल्या झटक्याला दाब उसळतो, तो वेगळाच. स्टॅबिलायझर लाव, तुझी सांज बिघडली तरी चालेल.

आता खाडीकाठ. बदललेला की मूळ हा वाद नंतर कर. मी दोन गोष्टी विचारतो. त्याचा प्लग दोन पिनचा आहे की तीन पिनचा? आणि आतले मोठे कॅपॅसिटर कधी बदललेत?

सांगतो का ते. एका गावच्या उत्सवात ऑर्केस्ट्रा होता. पोरगा गिटार गळ्यात घालून माइकजवळ गायला गेला आणि ओठाला झटका बसून मागे पडला. गिटारची तार अॅम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. त्या चासीला अर्थिंग नव्हतं, कारण कुणीतरी तिसरी पिन कापून प्लग दोन पिनच्या बोर्डात बसेल असा केला होता. पोरगा वाचला. माझ्यासमोर घडलंय ते, तेव्हापासून दोन पिनचा सेट मी चालू करून परत दिलेला नाही.

आणि कॅपॅसिटर. आतला इलेक्ट्रोलाइट वर्षांनी सुकतो. तुझ्या अॅम्पला चारशे व्होल्टच्या वर डीसी असणार. सुकलेला कॅपॅसिटर फुटला तर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाईल, आणि जुना मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळायचा नाही. ते बदलणं याला बदल म्हणत नाहीत. गाडीचं टायर बदलल्यासारखं आहे.

राहिला तो बदल. जोडणीचा नकाशा नसलेलं काम मला आवडत नाही. दुसऱ्याच्या हातात सेट गेला की त्याला काही कळत नाही, तो आपल्या अंदाजाने आणखी काहीतरी जोडतो. असे सेट मी बघितलेत, तीन पिढ्यांचे डाग एकावर एक. माझ्या मते मूळ नकाशावर आण. मूळ नकाशा जगात कुणालाही मिळतो.

प्लग काढून एक दिवस जाऊ दे. मग उघड, आत काय आहे ते सांग. एक हात खिशात ठेव. मोठ्या कॅपॅसिटरवर आधी मीटर लाव. व्होल्ट दिसले तर दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून कॅपॅसिटर आणि चासी यांच्यात टेकव, आकडा शून्याजवळ येईपर्यंत. नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवू नकोस, ठिणगी उडते. हे वाचून हात थरथरले तर उघडूच नकोस, माझ्याकडे आण.

जवारी

मी गिटारवाली नाही. सावंतवाडीत गाणं शिकवते, घरात मिरजेचे दोन तानपुरे आहेत. तरी हा विषय मला जवळचा वाटतो.

आमच्याकडे तारेखाली घोडीवर सूत सरकवून जवारी लावतात. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्याला हलकेच स्पर्शत राहते आणि एका सुरातून वरचे सूर फुटतात. साध्या, मोकळ्या तारेला तो झंकार नसतो. तुमच्या अॅम्पमध्ये टोकं कापून जे वरचे स्वर उठतात त्यांचं वर्णन वाचलं आणि मला तेच ऐकू आलं.

जवारी कायमची राहत नाही. तारेने घोडीवर चर पडतात, आवाज बसतो, पुन्हा घासावी लागते. पन्नास वर्षांच्या तानपुऱ्याची ‘मूळ जवारी’ कुणी मागत नाही. चांगली जवारी कुणी काढलीय एवढंच विचारतात. त्यामुळे ‘मूळ संच’ यांचा आग्रह मला नीट समजत नाही. भोपळा, दांडी, कोरीव काम जपावं. जवारी जपायची नसते, लावायची असते.

पण खाडीकाठ, तुम्हालाही विचारायचंय. जवारी गाणाऱ्याच्या सुरासाठी लावतात. काळी एकच्या, खालच्या सुरात गाणाऱ्यासाठी लावलेली पांढरी चारच्या, वरच्या सुरातल्या मुलीला तशीच चालत नाही. तुमच्या मामांच्या बँडसाठी, त्यांच्या गिटारसाठी, त्या हॉटेलच्या हॉलसाठी कुणीतरी हा अॅम्प जुळवला. तुम्ही तो वाजवणार आहात का? रोज? की मामांची आठवण म्हणून पडवीत ठेवणार? ठेवणार असाल तर मग कुठलीही जोडणी ठेवा, सारखीच. न वाजणाऱ्या तानपुऱ्याला जवारी नसते.

मूळ संच

जवारीताई, फरक आहे. जवारी काढणाऱ्यांची परंपरा मिरजेत चालू आहे, उद्या पुन्हा तशीच काढता येते. त्या काळचे पिवळे मस्टर्ड कॅपॅसिटर आज कुणी बनवत नाही. जो काढून फेकला तो गेला.

जवारी

हे मान्य. मग आधी बघू द्या ना, त्या माणसाने फेकलेत का ते.

खाडीकाठ

काल उघडला. काकांनी सांगितलं तसंच केलं, एक हात खिशात. मीटरवर ११ व्होल्ट उरलेले दिसले, तेही उतरवले.

आधी काकांची उत्तरं. प्लग तीन पिनचा आहे, पण आत अर्थची हिरवी वायर चासीला लागलेलीच नाही. कापून टेप गुंडाळलाय. मी महिनाभर अनवाणी, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभा राहून वाजवत होतो. वाचल्यावर अंगावर काटा आला. मोठे कॅपॅसिटर कारखान्याचेच दिसतात, एकाचं डोकं फुगलंय.

आता बदलाचं. मस्टर्ड कॅपॅसिटर सगळे जागेवर आहेत. पिवळे, एकालाही कापलेलं नाही. बोर्डावरचं जुनं सोल्डर काळवंडलंय आणि त्याच्याशेजारी, पहिल्या सॉकेटपाशी, सात-आठ नवे डाग आहेत. लहान, गोल, चकचकीत. वायर टेलिफोनची, पिवळी आणि निळी एकमेकींना पीळ दिलेली. जिथे मूळ वायर सोडवलीय तिथे ती कापलेली नाही. टोकाला रबरी नळी चढवून बाजूला दुमडून ठेवलीय, उद्या कुणाला परत लावायची झाली तर असावी म्हणून.

आणि चासीच्या आतल्या बाजूला, पॉटच्या मागे, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा चिकटवलाय. त्याच्यावर बॉलपेनने नकाशा. दोन ट्रायोड, दोन पॉट, सगळं. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला २.७ के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि ०.६८ चा कॅपॅसिटर. दुसऱ्याच्या कॅथोडपाशी आधी ४.७ के लिहून खोडलंय. मग ८.२ के, तेही खोडलंय. खाली १० के, आणि त्याच्याभोवती गोल.

कागदावर नाव नाही. मामाला फोन केला. तो म्हणाला, वास्कोच्या बंदराजवळ एक रेडिओ दुरुस्तीवाला होता, तो संध्याकाळी हॉटेलात येऊन शेवटच्या टेबलावर बसायचा. तालमीच्या वेळी अॅम्प उघडायचा, काहीतरी बदलायचा, म्हणायचा, ‘परत तेच वाजव.’ तीन आठवडे असं चाललं. मामाला त्याचं पूर्ण नाव आठवत नाही.

रेडिओवाले काका

वाचलं. दोनदा वाचलं.

ज्यांना या आकड्यांचा अर्थ लागत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅथोडचा रेझिस्टर जितका मोठा तितका ट्रायोड थंड चालतो, त्यातून करंट कमी वाहतो. १० के म्हणजे फार थंड. मग सिग्नलची एक बाजू लवकर कापली जाते, दुसरी बाजू बऱ्यापैकी शाबूत राहते. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे वरचे सूर) तेवढे उठतात. एकच बाजू आधी कापली की समही (दुप्पट, चौपट) येतात, म्हणजे पहिल्यांदा वरचा सप्तकच. खाडीकाठने पहिल्या पोस्टमध्ये ‘वरचा सप्तक हळूहळू वर आला’ असं लिहिलंय. मी म्हणत नाही की सगळं त्या एका रेझिस्टरमुळे. पुढे पॉवरचे दोन ईएल३४ आहेत, ट्रान्सफॉर्मर आहे, स्पीकर आहे. पण तो रेझिस्टर तिथे आहे.

मार्शलच्या २२०३ मध्येही त्या जागी १० केच आहे. त्या माणसाकडे तो नकाशा असता तर ४.७ आणि ८.२ लिहून खोडले नसते. कानाने पोचलाय तो तिथे.

नकाशा नसलेलं काम आवडत नाही असं मी म्हटलं होतं. इथे नकाशा आहे. मूळ वायर दुमडून ठेवणारा माणूस माझ्या धंद्यातला चांगला माणूस आहे. त्याच्या कामाला मी हात लावणार नाही. हिरवी वायर ज्याने कापली तो मात्र दुसराच कुणीतरी, हे मी शपथेवर सांगतो.

रेवस बंदर

हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी मुद्दा सोडत नाही. १० के चा परिणाम काय तो काकांनी चार ओळींत सांगितला, म्हणजे तो गणितात मांडता येतो, म्हणजे मॉडेलरमध्येही येतो. तुमच्या अॅम्पचा प्रोफाइल (आवाजाची डिजिटल नक्कल) काढून घ्या. पुढच्या पावसाळ्यात खोकं कुजलं तरी आवाज राहील. माझ्याकडे माइक आणि सामान आहे, वेंगुर्ल्याला यायला तयार आहे. विकू नका, असं आता मीही म्हणतो. पण एकट्या लोखंडावर आणि काचेवर विसंबूही नका.

खाडीकाठ

जरूर या. मनापासून सांगतो, तुमच्या पहिल्या उत्तराचा मला राग आला होता. स्पीकरचं मात्र तपासलं. माझ्या कॅबिनेटमध्ये दोन ग्रीनबॅक आणि दोन कुठलेतरी देशी आहेत. माइक ग्रीनबॅकसमोरून काढून देशी स्पीकरसमोर ठेवला तर सगळी धार बोथट झाली. तुम्ही बरोबर होतात.

जवारीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, दोन दिवस गेले. मी रोज वाजवत नाही. नोकरी कुडाळला, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. रविवारी वाजवतो. पण त्या दुरुस्तीवाल्याने ‘परत तेच वाजव’ म्हणून मामाला जे वाजवायला लावलं ते काय होतं हे मी विचारून घेतलंय. मामा पुढच्या आठवड्यात येतोय. बोटं आखडलीत त्याची, तरी एकदा तो वाजवेल आणि मी ऐकेन, मग मी वाजवेन आणि तो ऐकेल. पुण्याच्या गृहस्थांना ‘देणार नाही’ असं कळवलंय.

मूळ संच

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. १९७२ चा हाताने जोडलेला मार्शल कारखान्याच्या जोडणीवर वाजताना मला ऐकायचा होता, आणि या किनाऱ्यावर तो ऐकायची संधी गेली याचं वाईट वाटतं. त्या माणसाने मूळ वायर जपली ती माझ्यासारख्या कुणासाठी तरी, असं मी समजतो.

एक करा. तो पुठ्ठा ओल धरेल. फोटो आजच काढा, आकड्यांसकट, उजेडात. आणि बदललेले जुने कॅपॅसिटर फेकू नका.

रेडिओवाले काका

खाडीकाठ, येत्या रविवारी घेऊन ये. ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचे, ५०० व्होल्टचे डबे माझ्याकडे नवे आहेत. अर्थिंग मी स्वतः करणार, त्याला चासीवर वेगळा बोल्ट लागतो.

व्हॉल्व्ह काढून प्रत्येक वेगळा सुती कापडात गुंडाळ, वर्तमानपत्रात नको. कुठला कुठल्या सॉकेटमधला ते चिठ्ठीवर लिही. एस.टी.च्या मागच्या सीटवर ठेवू नकोस, तिथे सगळ्यात जास्त आदळतं. मांडीवर घे. एक ग्रीनबॅक आणि स्पीकरची वायर सोबत आण, कारण स्पीकर जोडल्याशिवाय हा अॅम्प मी एक सेकंदही चालू करणार नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि मामा आलेले असतील तर त्यांनाही आण. त्या दुरुस्तीवाल्याबद्दल मला त्यांना विचारायचंय.